आलेल्या पाण्याचे भांडण, गेलेल्या पाण्याचा विसर

सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्याला झोडपून काढले. नाथसागराचे दरवाजे उघडावे लागले, गोदाकाठची शिवारे पाण्याखाली गेली आणि ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, त्याच भागात पुराच्या वेढ्यातून माणसे बाहेर काढण्याची वेळ आली. धरण भरले की पाण्याची चर्चा थांबते, हा मराठवाड्याचा जुना अनुभव आहे. ती पुन्हा सुरू होते थेट पुढच्या दुष्काळात आणि त्या वेळीही एकाच प्रश्नाभोवती फिरते : पाणी आणायचे कोठून? आणलेले पाणी वापरून झाल्यावर जाते कोठे, हा प्रश्न ना सभागृहात विचारला जातो, ना मोर्चात. कोरड्या प्रदेशात मात्र हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोलाचा असतो.

या दोन्ही प्रश्नांकडे एकाच वेळी पाहायचे, तर जालना जिल्ह्यातील अंकुशनगर हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. अंबड तालुक्यातील महाकाळा शिवारात, धुळे-सोलापूर महामार्गाच्या परिसरात, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती ही वसाहत वाढली. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. आणि उत्तरेला, चढावर, जालना शहर आहे, ज्याची तहान याच गोदावरीच्या पाण्यावर भागते. जिल्हा दुष्काळी, पण कालव्याखालचा पट्टा उसाचा. पाण्याच्या वाटपावरून येथे जेवढी भांडणे झाली, तेवढीच शांतता वापरून झालेल्या पाण्याबाबत आहे.

बेट समुद्रातच असते असे नाही

भूमध्य समुद्रातील माल्टा हा अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरचा द्वीपदेश. लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक. पण २०२४ या एका वर्षात तेथे ३५ लाखांहून अधिक पर्यटक येऊन गेले. देशात एकही बारमाही नदी नाही, मोठे तळे नाही. पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे जालना जिल्ह्यापेक्षाही कमी. पिण्याच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते. त्यावर मोठा खर्च होतो, वीज लागते. असे महागडे पाणी एकदा वापरून पुन्हा समुद्रात सोडून देणे म्हणजे पैसा समुद्रात बुडविणेच. तरीही माल्टा अनेक दशके नेमके हेच करीत होता. तेथील बहुतांश सांडपाणी प्रक्रियेविना समुद्रात जात असे. २००७ ते २०११ या काळात तीन मोठी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली तेव्हा हे चित्र पालटले.

परंतु प्रकल्प उभे राहिले म्हणजे प्रश्न सुटला, असे तेथेही झाले नाही. किनाऱ्यालगतच्या गटारांत समुद्राचे पाणी झिरपत असल्याने शुद्ध केलेले सांडपाणी खारटच राहिले. ते समुद्रात सोडण्यास योग्य होते, शेतीला मात्र निरुपयोगी. २०१७ पासून या पाण्यावर आणखी एक प्रक्रिया करून ते शेतकऱ्यांना देण्यास सुरुवात झाली. शुद्ध झालेले पाणी आणि उपयोगी पडणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा माल्टाच्या अनुभवाचा अर्थ. ते कोण वापरणार, कशासाठी आणि कोणत्या दराने, याचा निर्णय आधी व्हावा लागतो, यंत्रसामग्री नंतर.

बेटाचा हिशेब सोपा असतो. समुद्राला मिळालेला प्रत्येक थेंब गमावलेला आणि परत वापरलेला प्रत्येक थेंब कमावलेला. मराठवाड्याला समुद्र नाही, म्हणून हा हिशेब येथे लागू नाही, असे वरवर वाटते. नकाशा उघडला की तो काही ठिकाणी तंतोतंत लागू पडतो आणि काही ठिकाणी मुळीच पडत नाही. हा भेद न ओळखता सांडपाण्याच्या पुनर्वापराच्या घोषणा केल्या जातात आणि तेथेच गफलत होते.

खामचे पाणी पुन्हा नाथसागरात

पहिले उदाहरण छत्रपती संभाजीनगरचे. वेरूळ आणि अजिंठ्यामुळे राज्याची पर्यटन राजधानी म्हणून मिरविणारे हे शहर पाण्याच्या बाबतीत मात्र पूर्णपणे परावलंबी आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात येथे नहरींची व्यवस्था उभी केली आणि पुढे शतकानुशतके त्या नहरींनी शहर पोसले. आज शहराची मदार जायकवाडीवर आहे. नळाला दररोज पाणी येणे हे येथे अनेक वर्षे स्वप्नच राहिले आणि त्यासाठी जायकवाडीतून नवी मोठी जलवाहिनी टाकण्याची योजना आखली गेली. २०२० मध्ये भूमिपूजन झालेल्या या योजनेचा खर्च पुढे २ हजार ७४० कोटी रुपयांपर्यंत पोहोचला.

या शहराचे सांडपाणी मोठ्या प्रमाणावर खाम नदीत उतरते. पाणचक्कीच्या कडेने वाहणारी खाम पुढे वाळूज परिसरातून जाते आणि नाथसागराला मिळते. म्हणजे ज्या जलाशयातून शहर पाणी उचलते, त्याच जलाशयात ते आपले वापरलेले पाणी परत पाठविते. कांचनवाडी येथे दररोज १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रक्रिया प्रकल्प उभारण्यात आला. २०२१ पासून खामच्या पुनरुज्जीवनाचे कामही लोकसहभागातून सुरू झाले आणि त्याची दखल देशाबाहेर घेतली गेली. हे स्वागतार्ह आहे. पण येथे पुनर्वापराचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

खाममधून नाथसागरात जाणारे पाणी वाया जात नाही. ते धरणात जमा होते. तेच डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी आणि पुढे परभणीकडे जाते. याच नाथसागरावर जालना आणि अंबड या शहरांच्या पाणीयोजना आहेत. याचा अर्थ, संभाजीनगरच्या सांडपाण्याचा पुनर्वापर आजही होतोच आहे. फक्त तो कोणी ठरवून केलेला नाही आणि वापरणाऱ्यास त्याची कल्पना नाही. उद्या हेच पाणी शुद्ध करून उद्योगांना विकले, तर महापालिकेला महसूल मिळेल, पण धरणात तेवढे पाणी कमी येईल. उद्योगांनी त्या बदल्यात धरणातून घेतले जाणारे पाणी तेवढ्याच प्रमाणात कमी केले, तरच हिशेब जुळतो. नाही तर एका खिशातले दुसऱ्या खिशात टाकून श्रीमंत झाल्याचा आव आणण्यासारखे ते होईल.

म्हणून संभाजीनगरपुरता सांडपाणी प्रक्रियेचा खरा हेतू पाणी वाढविणे हा नसून पाणी बिघडू न देणे हा आहे. पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना शहराला दिलेल्या पाण्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते, असे धरले जाते. नव्या जलवाहिनीतून पाणी वाढेल तसे खाममध्ये उतरणारे सांडपाणीही वाढेल. नळ आणि गटार या एकाच योजनेच्या दोन बाजू आहेत. पहिली बाजू उद्घाटनाच्या फलकावर असते. दुसरी खालच्या गावांच्या नशिबी येते.

जालन्याचे पाणी एकाच दिशेने

जालन्याची गोष्ट वेगळी आहे. बेटाचा हिशेब लागू होतो तो येथे.

निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी जलाशयाचे पाणी शहराला उताराने मिळत असे. लोकवस्ती वाढली, तसा तो पुरेनासा झाला. मग शहागडजवळ गोदावरीतून पाणी उचलण्याची योजना आली. नदी कोरडी पडली की तीही कोरडी पडे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हे राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या शहरांपैकी एक होते. त्या संकटाच्या रेट्याने जायकवाडीहून अंबडमार्गे जालन्यापर्यंतची जलवाहिनी मार्गी लागली. नाथसागराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर आहे. जालना शहर त्याहून उंचावर. म्हणजे प्रत्येक लिटर विजेच्या जोरावर चढवावा लागतो.

हे चढवलेले पाणी वापरून झाल्यावर शहरातील सीना आणि कुंडलिका या नद्यांत उतरते. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला. ते पाणी नाथसागरात परत येत नाही, डाव्या कालव्यात येत नाही, अंकुशनगरच्या शिवारात तर येतच नाही. पाण्याने जालन्यापर्यंत केलेला प्रवास हा जायकवाडीच्या लाभक्षेत्रापुरता एकेरी आहे. दुधनाकाठच्या गावांना ते मिळते, पण कोणत्या स्वरूपात, हे नदीच्या रंगावरून कळते. माल्टाने समुद्रातून पाणी काढावे आणि जालन्याने ते पैठणहून चढवावे. वापरलेले पाणी मात्र दोघांनीही उताराला सोडून द्यावे, असा हा प्रकार. जालना शहर या अर्थाने कोरड्या पठारावरचे एक बेट आहे.

किती पाणी असे जाते, याचा ढोबळ अंदाज कोणालाही बांधता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. हिशेबासाठी तीन लाख धरली आणि माणशी दररोज १३५ लिटर हे शहरी प्रमाण मानले, तर दररोज सुमारे चार कोटी लिटर पाणी लागते. त्याच्या ८० टक्के, म्हणजे दररोज सव्वातीन कोटी लिटर सांडपाणी. प्रत्यक्षात शहराला अनेकदा याहून कमी पाणी मिळते, हे मान्य केले तरी आकडा लहान नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले, तेव्हा सारा देश थक्क झाला होता. पन्नास वाघिणींच्या त्या गाडीत एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी येत असे. वरच्या प्रमाणाने पूर्ण पाणीपुरवठा झाला, तर जालन्याच्या गटारांतून रोज अशा तेरा गाड्या वाहून जातील.

तथापि या आकड्याने भुरळ पडण्याचे कारण नाही. वर्षभराचे हे पाणी सुमारे १२ दशलक्ष घनमीटर, म्हणजे अर्ध्या टीएमसीहूनही कमी भरते. जायकवाडीचा उपयुक्त साठाच २ हजार १७१ दशलक्ष घनमीटर आहे. उसाला हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागते असे धरले, तर शहराचे वर्षाचे सगळे सांडपाणी शुद्ध करूनही पाचशे हेक्टरांच्या आसपासच ऊस भिजेल. सांडपाण्याच्या पुनर्वापराने मराठवाड्याचा सिंचन अनुशेष भरून निघेल, असे जो सांगतो तो दिशाभूल करतो. शेतीच्या तराजूत हे पाणी चिमूटभर आहे. पिण्याच्या आणि उद्योगाच्या तराजूत मात्र तेच भरघोस आहे. शिवाय मराठवाड्यातील हा एकमेव जलस्रोत असा आहे, जो मृगाच्या पावसावर थेट अवलंबून नाही. शहर जगते आहे तोवर तो वाहतोच.

प्रकल्प उभे, पाणी कच्चेच

मग अडते कोठे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०-२१ मध्ये घेतलेल्या आढाव्यात याचे उत्तर दडले आहे. त्यानुसार महाराष्ट्राच्या शहरांत दररोज ९ हजार १०७ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. प्रक्रिया प्रकल्पांची उभारलेली क्षमता होती ६ हजार ८९० दशलक्ष लिटर. प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती केवळ ४ हजार २४२ दशलक्ष लिटरवर, म्हणजे निम्म्याहूनही कमी पाण्यावर. देशाचे चित्र याहून वाईट होते : ७२ हजार ३६८ दशलक्ष लिटरपैकी २० हजार २३५. राज्यातील शहरांचे वर्षभराचे सांडपाणी मोजले, तर ते ११७ टीएमसीच्या घरात जाते. जायकवाडीच्या एकूण साठ्याहून ते जास्त आहे. यातील मोठा वाटा मुंबई आणि किनारपट्टीचा असून तो समुद्राला मिळतो, हे खरे. पण उरलेला वाटा नद्यांच्या वाट्याला येतो. प्रदूषित नदीपट्ट्यांच्या देशव्यापी यादीत २०१८ मध्ये महाराष्ट्राचे ५३ आणि २०२२ मध्ये ५५ पट्टे होते, हा त्याचाच परिणाम.

क्षमता आणि प्रत्यक्ष प्रक्रिया यांतील हे अंतर तांत्रिक नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचे तंत्र शंभर वर्षांचे जुने आहे. जाळ्यांतून कचरा अडवायचा, वाळू खाली बसू द्यायची, मग पाण्यात हवा सोडून जीवाणू वाढवायचे; ते घाण खातात, जड होऊन तळाशी बसतात आणि वर निवळ पाणी राहते. यातला हवा सोडण्याचा टप्पा चोवीस तास विजेवर चालतो. प्रकल्प उभारायला केंद्राचे आणि राज्याचे अनुदान मिळते. वीजबिल मात्र पालिकेने आपल्या तिजोरीतून भरायचे असते. पाणीपट्टीची वसुली जेथे रडतखडत होते, जेथे पाणी उचलण्याच्या पंपांचेच वीजबिल थकते, तेथे गटाराच्या पाण्यासाठी वीज जाळण्याची प्राथमिकता कोण ठरविणार? पंप बंद पडला तर दुसऱ्या दिवशी हंडामोर्चा येतो. प्रक्रिया केंद्र बंद पडले तर कोणीही येत नाही. कारण त्याचा त्रास शहराबाहेरच्या मतदाराला होतो.

दुसरी अडचण खास कोरड्या शहरांची. भूमिगत गटार व्यवस्थेत मैला वाहून नेण्यासाठी पाण्याचा किमान वेग लागतो. ज्या शहरात आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी नळ येतो, तेथे वाहिन्या अर्धा वेळ कोरड्या राहतात, गाळ साचतो, त्या तुंबतात. त्यातच घराघरातून मुख्य वाहिनीला जोडणी घेण्याचे काम रेंगाळते. परिणामी जमिनीखाली वाहिन्या, नदीकाठी प्रकल्प आणि दोहोंच्या मधून नाल्यातून वाहणारे सांडपाणी असे चित्र दिसते. नळ आधी नियमित करायचा की गटार आधी बांधायचे, या वादात दोन्ही अर्धवट राहतात.

कायद्याचा धाक नाही, असे म्हणता येणार नाही. जलप्रदूषण नियंत्रणाचा कायदा १९७४ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्थानिक संस्थांना सांडपाणी प्रकल्प उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली होती. ती उलटली. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा आणि सांडपाणी व्यवस्थापनातील त्रुटींसाठी महाराष्ट्रावर १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई आकारली. एवढ्या रकमेनेही नाल्याचा रंग बदलला नाही. कारण एका सरकारी खात्यातून दुसऱ्या खात्यात वळविल्या जाणाऱ्या रकमेने कोणाचीही झोप उडत नाही.

ग्राहक आधी, प्रकल्प नंतर

नागपूरने याबाबत वेगळी वाट धरली. शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याचा करार महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात झाला. वीज केंद्राला शीतकरणासाठी प्रचंड पाणी लागते आणि ते पिण्यायोग्य असण्याची गरज नसते. पेंच धरणाचे पाणी तेवढ्या प्रमाणात माणसांसाठी मोकळे झाले आणि महापालिकेला प्रक्रियेचा खर्च भागविणारा ग्राहक मिळाला. प्रक्रिया केंद्र बंद पडले तर आता शहराबाहेरच्या मतदाराला नव्हे, वीज केंद्राला फटका बसतो. आणि वीज केंद्र गप्प बसत नाही. नागपूरच्या यशाचे मर्म यंत्रात नसून या ग्राहकात आहे. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणाने सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले आणि राज्य मंत्रिमंडळानेही २०२५ मध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या पुनर्वापराचे नवे धोरण मंजूर केले.

जालन्यात वीज केंद्र नसले तरी ग्राहक आहे. बियाणे आणि पोलाद या दोन गोष्टींसाठी हे शहर देशभर ओळखले जाते. लोखंडी सळ्या तयार करणाऱ्या येथील कारखान्यांना तापलेले पोलाद आणि भट्ट्या थंड करण्यासाठी पाणी लागते. दुष्काळात सर्वांत आधी उद्योगांचे पाणी तोडले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याचा फटका हजारो कामगारांच्या रोजीला बसतो. बारमाही, खात्रीचे पाणी ही या उद्योगाची गरज आहे आणि खात्रीचे पाणी शहराच्या गटारांखेरीज कोठेही नाही. २०२३ मध्ये जालन्याला महापालिकेचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२६ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. नव्या सभागृहाने पहिल्याच कार्यकाळात उद्योगांशी पाण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला, तर प्रक्रिया केंद्राच्या वीजबिलाची तरतूद आपोआप होईल.

मात्र येथेही एक हक्काचा प्रश्न आहे. मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या गावाबाहेर नाल्याच्या पाण्यावर भाजीपाला आणि चारा पिकविणारे शेतकरी असतात. पाणी घाण आहे हे त्यांना ठाऊक असते. पण बारमाही आहे, हेही ठाऊक असते. शहराने उद्या सगळे पाणी शुद्ध करून कारखान्यांना विकले, तर नाला कोरडा पडेल आणि या शेतकऱ्यांचे पीक जाईल. दुधनाकाठचा विचारही करावा लागेल. सांडपाणी आजवर कोणाचेच नव्हते, म्हणून त्यावर भांडण नव्हते. त्याला किंमत आली की मालक उभे राहतील. नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा हा वरच्या पाण्याचा वाद ज्यांनी पाहिला, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. त्या वादात २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश झाला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला, तरी जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल त्या प्रत्येक वर्षी वाद पेटतोच. सांडपाण्याच्या वाटपाचे नियम भांडण सुरू होण्याआधी ठरविण्याची संधी अजून हातात आहे.

कारखान्याच्या कुंपणाआत

अंकुशनगरला नगरपालिका नाही. पण साखर कारखान्याभोवतीची प्रत्येक वसाहत ही पाण्याच्या दृष्टीने एक छोटे शहरच असते. एक टन उसात सुमारे ७०० लिटर पाणी असते. ऊस गाळला, रस आटविला की हे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते आणि थंड होऊन परत मिळते. दिवसाला पाच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्याला केवळ उसातूनच सुमारे ३५ लाख लिटर पाणी मिळू शकते. काटेकोर व्यवस्थापन असेल तर गाळप हंगामात कारखान्याला बाहेरचे पाणी फारसे लागू नये. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी साखर कारखान्यांच्या सांडपाण्यावर टनामागे २०० लिटरची मर्यादा घातली, ती याच आधारावर. आसवनी असेल तर मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे गडद पाणी फार तीव्र असते. त्याचा एक थेंबही बाहेर सोडण्यास मनाई आहे.

सहकारी कारखानदारीने या भागात रस्ते, शाळा, दवाखाने उभे केले. शेतकऱ्याला एकत्र आणण्याची, त्याच्या शेताच्या बांधापर्यंत जाण्याची जी यंत्रणा कारखान्याकडे असते, ती कोणत्याही शासकीय खात्याकडे नाही. उसाच्या नोंदीपासून तोडणीच्या तारखेपर्यंत सारे काही ज्याच्याकडे लिहिलेले असते, त्याला पाण्याची नोंद ठेवणे अवघड नाही. कोणत्या शेतात ठिबक आहे, कोठे मोकाट पाणी दिले जाते, वसाहतीचे सांडपाणी किती आणि जाते कोठे, हा ताळेबंद गाळपाच्या ताळेबंदाइतक्याच नेमाने वार्षिक सभेपुढे आला, तर कोरड्या जिल्ह्यात ऊस का, या प्रश्नाला अधिक प्रामाणिक उत्तर देता येईल. एका हेक्टरवरचा ऊस ठिबकवर आला की जे पाणी वाचते, ते मिळविण्यासाठी शहराला बरेच सांडपाणी शुद्ध करावे लागेल. पुनर्वापराचा आग्रह धरताना हे विसरून चालणार नाही.

लहान गावांना मोठे औषध नको

अंबड, घनसावंगी यांसारख्या गावांसाठी आणि खेड्यांसाठी नागपूरचा किंवा माल्टाचा नमुना उपयोगाचा नाही. माणशी ५५ लिटर पाणी देणाऱ्या नळयोजनेतून पाच हजार वस्तीच्या गावात दिवसाला सव्वादोन लाख लिटरच्या आसपास सांडपाणी निघते. त्यासाठी यंत्र नको, खड्डा पुरतो. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली, डास हटविले आणि तोच नमुना पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेला. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, हे लक्षात घेऊन खड्ड्याची खोली ठरविली की झाले. पाणी जेथे वापरले तेथेच भूजलात परत गेले, तर त्याहून स्वस्त पुनर्वापर दुसरा नाही.

तालुक्याच्या गावांचा प्रश्न शौचालयांच्या टाक्यांचा आहे. घरोघर शौचालये झाली. पण टाकी भरल्यावर मैलागाळ उपसून तो जातो कोठे, हे विचारले गेले नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी ठरावीक काळाने प्रत्येक टाकी उपसण्याची आणि गाळावर प्रक्रिया करण्याची पद्धत बसविली. भूमिगत गटारांच्या कोट्यवधींच्या आराखड्यांपेक्षा पाणीटंचाईच्या गावांना हीच वाट परवडणारी आहे. मोठ्या शहराच्या आराखड्याची नक्कल करण्याचा मोह टाळला तर!

हिशेब भरल्या धरणावर मांडावा

मराठवाड्याच्या पाणीप्रश्नाची मांडणी आजवर वंचनेच्या भाषेत झाली आणि त्यात तथ्य आहे. वरच्या धरणांनी अडविलेले पाणी, रखडलेले कालवे, न भरलेला अनुशेष, सारे खरे आहे. परंतु जो प्रदेश वरच्यांकडे आपल्या वाट्याचे पाणी मागतो, त्याच्याही खाली कोणीतरी असते. संभाजीनगरच्या खाली पैठण, अंबड आणि अंकुशनगर आहे. जालन्याच्या खाली दुधनाकाठ आहे. त्यांच्याही खाली परभणी आणि नांदेड. पाण्यावरचा हक्क सांगताना पाणी खालच्याच्या हाती कशा अवस्थेत देतो, याची जबाबदारीही त्याच तोंडाने स्वीकारावी लागते. तशी ती स्वीकारली, तर वरच्यांपुढचा दावाही अधिक बळकट होईल.

त्यासाठी फार मोठी क्रांती नको. प्रत्येक नव्या नळयोजनेच्या मंजुरीसोबत तिच्या सांडपाण्याची आणि ते शुद्ध करण्याच्या वीजबिलाची तरतूद असावी. प्रक्रिया केंद्रात किती पाणी आले, किती शुद्ध झाले आणि ते कोणाला दिले, याचे आकडे धरणसाठ्याच्या आकड्यांप्रमाणे रोज जाहीर व्हावेत. जालन्यासारख्या उंचावरच्या शहरांत शुद्ध पाणी उद्योगांना बांधून द्यावे, संभाजीनगरसारख्या शहरांत ते नदीला निर्मळ परत करावे आणि खेड्यांत ते जमिनीत मुरवावे. एकच औषध सर्वांना देण्याचा हट्ट सोडावा. दुष्काळात हे काही होणार नाही. तेव्हा टँकरच्या फेऱ्या मोजण्यातच यंत्रणा गुंतलेली असेल. पुढचा दुष्काळ येईल तेव्हा नाथसागर रिकामा असेल, गोदावरी कोरडी असेल. गटारे मात्र तेव्हाही वाहत असतील. ती कोणाच्या उपयोगी पडतील, याचा निर्णय धरण भरलेले असतानाच व्हायला हवा.